खुलासा : ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही

‘ओटीपीशिवाय पैसे कापायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, ॲप डिलीट करा, विषय संपला,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या व्यवस्थेत ओटीपी किंवा पिन लागतो तो मँडेट (दर वेळी आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी) नोंदवताना आणि पहिल्या व्यवहाराला. त्यानंतर 15,000 रुपयांपर्यंतचा हप्ता ओटीपीशिवाय कापला जातो. ही मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये वाढली. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. ती जाहिरातींच्या एसएमएसमध्ये हरवते, आणि घोटाळा इथेच होतो.

मँडेट बँकेकडे किंवा यूपीआयवर नोंदलेलं असतं, ॲपमध्ये नाही. यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ उघडा, चालू मँडेट निवडून रद्द करा, पिन टाका. कार्डाचं मँडेट बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर सापडेल. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा.

एक-दोन रुपयांच्या ट्रायलला पिन टाकण्याआधी तर स्क्रीन नीट वाचाच. ‘कमाल रक्कम’ आणि मुदत तिथेच लिहिलेली असते. ट्रायल 2 रुपयांची, मँडेट मात्र कितीतरी मोठ्या रकमेचं, असं सर्रास असतं.