हेडलाइटमध्ये पाणी, आणि म्हणे नॉर्मल आहे!

"असतंय ओ सर, पावसाळ्यात थोडी वाफ धरतंयच. नॉर्मल आहे." आज सर्व्हिस सेंटरच्या पोरानं हे तोंडावर सांगितलं. वाफ? अरे, डाव्या हेडलाइटच्या तळाला बोटभर पाणी साचलंय! गाडी वळवली की ते हलताना दिसतं, आतून काचेला थेंब लटकलेत आणि लो बीम लागतच नाही. पावसानंतर आत धुकं धरतं आणि दिवे लावून गाडी फिरवली की जातं, एवढं मलाही कळतं. हे तसलं नाही, सील गेलंय. पण साहेब टॅबवर बोटं फिरवत उभे, गाडीजवळ यायलाच तयार नाहीत. हाताला धरून नेलं तेव्हा वाकला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "पाणी गेलंय सर. वॉरंटीत बसत नाही."

म्हणजे आत्ता वाफ होती, वॉरंटीचं नाव काढलं की पाणी झालं! वाफ असेल तर दुरुस्ती करायची नाही, पाणी असेल तर पैसे मी द्यायचे. कारण काय, तर 'बाहेरून गेलंय'. मग कुठून जाणार? दिवा गाडीच्या तोंडावर असतो, पाऊस त्याच्यावरच पडणार. मी काय नळी सोडून भरलं का? गाडी पावसात काढायची नव्हती तर विकताना सांगायचं होतं.

आणि खर्च चोवीस हजार. एका दिव्याचे. एलईडी आहे म्हणे, आतलं काही सुटं मिळत नाही, अख्खी असेंब्लीच बदलायची. वर सल्ला, "दोन्ही टाका सर, एक नवा एक जुना असला की उजेडात फरक दिसतो." जुन्या गाडीत साधा एच-४ बल्ब होता, ६०/५५ वॉटचा, अपर-डिपर एकातच. उडाला तर कुठल्याही स्पेअरच्या दुकानात दोन-तीनशेत मिळायचा. मागचं रबर काढायचं, तारेची क्लिप सोडवायची, काचेला बोट न लावता नवा बसवायचा, काम खल्लास. त्या गाडीची काच सोलापूरच्या उन्हानं पिवळी पडली होती, तरी रस्ता दिसायचा. ही नवीकोरी गाडी, पुढं सगळा झगमगाट, आणि रात्री निम्मा रस्ता अंधारात.

ज्यांना हे चैनीचं दुखणं वाटतं त्यांनी ऊस हंगामात रात्री मोहोळहून सोलापूरला यावं. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, त्यावर उसाचे वाढे लोंबलेले. ट्रॅक्टरवर गाणी मात्र अशी की पुढच्या गावाला ऐकू जावीत. डेकला बॅटरी पुरते, मागं एक लाल दिवा लावायला पुरत नाही? परवा लांबोटीच्या पुढं माझा डावा दिवा गेला तो नेमका तिथंच. टायर पंक्चर झालेली ट्रॉली डाव्या कडेला, निम्मी रस्त्यावर, ड्रायव्हरचा पत्ता नाही. आधी मला लोंबणारी उसाची कांडी दिसली, मग ट्रॉली. ब्रेकवर उभा राहिलो. बायकोनं दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवले, मागचा ट्रक हॉर्न मारत उजवीकडून निघून गेला. सावळेश्वरचा टोलनाका येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. टोल मात्र पूर्ण कापला गेला.

आणि शहरात आल्यावर चलन कुणाला? मला! एक दिवा बंद म्हणून फोटो काढला, मेसेज आला. त्याच चौकातून बिनदिव्याची ट्रॉली गेली, तिचा फोटो काढायला कुणाचा हात उठला नाही.

समोरून येणारे तर वेगळेच. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातला पांढराफेक एलईडी कोंबतात, मग उजेड रस्त्यावर न पडता थेट समोरच्याच्या डोळ्यात. बार्शी रोडला रात्री डिपर देऊन देऊन हात दुखतो, पण एकानं बीम खाली घेतली तर शपथ. स्टिअरिंगशेजारी बीम खालीवर करायचं चाक असतं, मागं माणसं-सामान भरलं की ते फिरवायचं असतं. कुणी फिरवत नाही, विकणारेही दाखवत नाहीत. सनरूफ कसं उघडायचं ते तीनदा दाखवतात!

आज घरी पोचेपर्यंत सर्व्हिस सेंटरचा फोन हजर. "सर, फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या हं, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात." मी शून्य सांगितलं. तर म्हणे, शून्य नका देऊ सर, मॅनेजरशी बोलणं करून देतो. आता बरा मॅनेजर सापडला!

बोलणं नकोय मला. सोमवारी जाऊन जॉबकार्डवर लिहून मागणार आहे, पाणी कुठून गेलं आणि वॉरंटी कोणत्या कलमाखाली नाकारली, सही-शिक्क्यासकट. नाही दिलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकणार. पाण्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय, त्या पोराच्या 'नॉर्मल आहे'सकट.