लाईन गेली की मास्क जीव घेतो? एका बॅटरीवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी एकच मेसेज माझ्यापुढे धरला. मजकूर थोडक्यात असा: घोरण्यावरचं सीपॅप मशीन खेड्यात घेऊ नका. रात्री लाईन गेली की मास्कमध्ये श्वास कोंडून माणूस झोपेतच जातो. इन्व्हर्टरवर ते चालत नाही, चालवलं तर जळतं. चार दिवस नाही लावलं तरी काही बिघडत नाही, उलट लावलं तर सवय लागते आणि मशीनशिवाय श्वासच घेता येत नाही. घ्यायचंच असेल तर घरात जनरेटर ठेवा. खाली 'जनहितार्थ जारी'.

अंबाजोगाईत माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण आमचे अण्णा केज तालुक्यात गावी राहतात आणि चार वर्षांपासून हेच मशीन लावून झोपतात. झोपेत घसा मिटून श्वास अडकू नये म्हणून ते मास्कमधून दाबाने हवा सोडतं. गावची लाईन कशी असते ते सांगायला नको. वळवाचा पाऊस आला की फीडर ट्रिप, आणि रात्री डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उडाला तर लाइनमन सकाळीच.

आधी श्वास कोंडण्याचं. मास्क डोळ्यांजवळ धरून बघा, पुढच्या बाजूला बारीक भोकं दिसतील. उच्छ्वास बाहेर जावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात आणि मशीन बंद पडलं तरी उघडीच राहतात. नाकापुरता मास्क असेल तर तोंड मोकळं असतं. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "आरं, लाईन गेली की मला आधी कळतंय. तोंडावरचं वारं बंद होतंय, मग घुसमटतंय, की काढतो आन् ठेवतो उशाला." काढायचाच असतो तो. बंद मशीनचा मास्क तसाच ठेवून झोपलं तर आपलीच सोडलेली हवा परत परत आत जाते. झोप गाढ असेल तर ऑटोवाली इमर्जन्सी लाइट मशीनच्याच बोर्डात लावून ठेवा, तिथली वीज गेली की उजेड पडेल.

मेसेजवाल्याने बहुतेक दोन गोष्टींची गल्लत केली आहे. स्नायूंच्या आजारामुळे ज्यांचा श्वासच मशीनवर चालतो, त्यांच्यासाठी लाईन जाणं खरोखर जिवावरचं असतं. त्यांनी दुहेरी सोय आणि डॉक्टरांचा सल्ला याशिवाय राहू नये. साध्या सीपॅपचं तसं नाही. ते ऑक्सिजनही देत नाही, खोलीतलीच हवा दाबाने घशात सोडतं.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा. अण्णांच्या अडॅप्टरवर ९० वॅट छापलंय. तो कमाल आकडा आहे, लोक त्यावरूनच हिशेब करतात आणि घाबरतात. मी प्लगमध्ये वॅटमीटर लावून बसलो. मशीनवर दाबाचा आकडा ९, हवा ओलसर करायला आतलं पाणी तापवतात ते बंद: काटा १० ते १५ वॅटच्या आत. पाणी आणि नळी तापवणं चालू केलं की ५०च्या वर उडी. म्हणजे खातं ते हीटर, मशीन नव्हे. आपला जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, त्याची काळजी कोणी करत नाही! १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरची तूट वेगळी, तरी सातशेच्या आसपास हाती लागतात. १५ वॅटने आठ तास म्हणजे १२० फक्त. बॅटरी म्हातारी असेल, डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं नसेल, तर मात्र हा हिशेब विसरा.

'जळतं' यात एक दाणा खरा आहे. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि त्यावर हीटर चालू, हे टाळाच. घरच्या लाईनसारखी वीज देणारा प्युअर साइन वेव्ह घ्या. पण माझ्याकडे जळके अडॅप्टर येतात ते बहुतेक डीपीवरची न्यूट्रल तार तुटल्यामुळे. तेव्हा घरात २३०च्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज शिरू शकतं. आणि अशा वेळी चांगला इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर मेन तोडून बॅटरीवर जातो. म्हणजे ज्याच्यावर आळ घेतला, राखण तोच करतोय. लो व्होल्टेजची चिंता कमी, बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात.

'चार दिवस नाही लावलं तरी चालतं' म्हणणाऱ्याने शेजारच्या खाटेवर एक रात्र झोपून बघावं. मशीन काढलं की घोरणं आणि श्वास अडकणं लगेच परत येतं. एका रात्रीने कोणी दगावत नाही, हे कबूल. पण सकाळी पेंगत मोटारसायकल काढून केजच्या रस्त्याला लागणं धोक्याचं. अशी रात्र आलीच तर कुशीवर, डोकं उंच करून झोपा. दारू आणि झोपेची गोळी त्या रात्री नको.

सवयीचं तर काहीच्या काही. लपेटा पाईप मोटार चालू असेपर्यंत गोल असतो, मोटार बंद झाली की चपटा. म्हणून पाईपला पाण्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? घसाही हवेच्या दाबाने उघडा राहतो, दाब गेला की आधी होता तसा.

आणि जनरेटर घरात? अजिबात नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत झोपलेलं अख्खं घर त्याने संपतं. मशीनपेक्षा हा सल्लाच जीव घेईल.

मेमध्ये एका शनिवारी मी गावी जाऊन रात्री दहाला मेन स्विच पाडला. पाणी तापवणं बंद, इन्व्हर्टरवर मशीन आणि एक नवा ३० वॅटचा पंखा, बाकी सगळं बंद. अण्णा सहाला उठले, बॅटरीत अजून निम्म्याहून जास्त जीव होता. आई मात्र फ्रीजमधलं दूध नासलं म्हणून दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.