टेस्टेड, ओके

आज संध्याकाळी सातला बेल वाजली. दार उघडलं तर भाचा उभा, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, आणि फाईल मात्र कोरडी ठणठणीत. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरलेली. तोंड बघूनच कळलं, परत पाठवलं. तेवढ्यात ताईचा फोन, झालं का रे, झालं का, आणि हा नुसता हं हं करतोय. शेवटी फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन बसला. अर्धा तास बाहेर आला नाही.

ही चौथी चक्कर होती त्याची. बल्लारशाहून निघायचं, वर्ध्याला गाडी बदलायची, रात्रभर जनरल डब्यात दाराशी बसून यायचं, सकाळी आमच्याकडे घणसोलीला आंघोळ करून दोन घास खायचे आणि ऑफिस उघडायच्या आधी लाईनीत उभं राहायचं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, ज्यांना चकरा पडल्यात त्यांना कळेलच. त्याला हवंय काय? कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून काम करायचं सर्टिफिकेट, त्याच्या परीक्षेला बसायची परवानगी. फुकट काही मागत नाहीये, परीक्षा घ्या म्हणतोय. आयटीआय केलेला पोरगा आहे, अकरा वर्षं जमिनीखाली काम केलंय.

आजचं कारण ऐका. पहिल्या ठेकेदाराच्या अनुभवाच्या दाखल्यावर 'इलेक्ट्रिशियन हेल्पर' लिहिलंय, 'इलेक्ट्रिशियन' नाही, म्हणून ती तीन वर्षं धरणार नाही. ठेकेदार कुठाय? त्याचं काम संपलं, ऑफिस बंद, नंबर लागत नाही. दुसरं कारण, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं एक अक्षर. तिसरं, झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का हवा. अरे, २०१५ मध्ये याच राज्य सरकारने जीआर काढलाय की स्वतः सही केलेली कॉपी चालेल म्हणून! खिडकीवर हे बोलला तर उत्तर मिळालं, इथे चालत नाही. आणि या सगळ्यात, चार चकरांत, एकाही माणसाने त्याला कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. खाणीत मिथेन गॅस किती टक्के झाला की विजेचा सप्लाय बंद करायचा, एवढं तरी विचारा. सव्वा टक्का. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल तो.

मला आज बाबांची फार आठवण येतेय. जुन्या मित्रांना मी ही गोष्ट सांगितलीय, आज परत सांगतो, ऐकून घ्या.

बाबा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. १९८६ ची गोष्ट, मी सातवीत होतो. खाली कोळसा कापायच्या मशीनला सप्लाय देणारा गेट एंड बॉक्स सारखा ट्रिप व्हायचा. अर्थ लिकेज होतं, म्हणजे कुठेतरी करंट मशीनच्या बॉडीत उतरत होता, आणि रिले त्याचं काम करून सप्लाय तोडत होता. पण दर वेळी ट्रिप झालं की कोळसा थांबतो, वरून फोन येतो, शिफ्टचं टार्गेट बोंबलतं. मग कोणीतरी रिलेला तार मारून टाकली. आता लिकेज असो नसो, बॉक्स ट्रिप होत नाही. बाबांनी पाहिलं, तार काढली, मशीन बंद पडलं, सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तार परत लावली. आणि लॉगशीटवर सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरची सही होती, 'अर्थ लिकेज रिले टेस्टेड, ओके'. तो माणूस त्या दिवशी खाली उतरलाच नव्हता.

चौथ्या दिवशी एका मदतनीस पोराने मशीनच्या बॉडीला हात लावला. साडेपाचशे व्होल्ट. एकोणीस वर्षांचा होता, जीव वाचला पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशी झाली. लॉगशीट पूर्ण होती, सही होती, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट खरं होतं. काही झालं नाही कोणाला.

म्हणून मला ही फाईल बघून राग येतो. कागद तेव्हाही पूर्ण होता.

आणि बाबांकडे ते सर्टिफिकेट का नव्हतं माहितीये? शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्या गावाकडच्या अर्ध्या लोकांची आहे ती, गुरुजींनी टाकलेली. नोकरीच्या कागदावर दुसरीच तारीख. ती दुरुस्त करायला बाबा सहा वर्षं तालुक्याला फेऱ्या मारत होते. परीक्षेचा अर्ज कधी पुढे गेलाच नाही. जो माणूस तार काढायला खाली गेला तो सरकारदरबारी अपात्र आणि जो वर बसून सही करत होता तो पात्र. बाबा इलेक्ट्रिशियन म्हणूनच रिटायर झाले. आता चाळीस वर्षांनी त्यांचा नातू तसल्याच खिडकीसमोर उभा आहे, त्याच्या बापाच्या नावातलं एक अक्षर जुळत नाही म्हणून.

रात्री जेवताना भाचा जरा बोलायला लागला. मोबाईलवर मला दाखवत होता, हा पोरगा अमेरिकेतल्या खाण इलेक्ट्रिशियनच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ बघून अभ्यास करतो. तिकडे असं आहे म्हणाला मामा, कोळसा खाणीत विजेचं काम करायला वर्षभराचा अनुभव लागतो आणि मग मान्यता असलेलं ट्रेनिंग करा नाहीतर पाच लेखी परीक्षा द्या. एसी-डीसीची थिअरी, मशिनरी आणि सर्किटं, गॅस असलेल्या जागी चालणारी उपकरणं, खाणीच्या सुरक्षेचे कायदे आणि त्यांचा इलेक्ट्रिकल कोड. पाचही पेपरात ८० टक्के. एकात कमी पडले तर तो पेपर परत. आणि पास झालात म्हणजे आयुष्यभर झालं असं नाही, दरवर्षी परत ट्रेनिंग घेऊन तसं कळवायचं, नाहीतर पात्रता गेली. आणि अनुभव म्हणजे खाणीतलाच पाहिजे असंही नाही, तसली मशिनरी बनवणाऱ्या कारखान्यातलाही धरतात! मी रबाळे एमआयडीसीत बावीस वर्षं पॅनेल बनवतोय, ते ऐकून मलाच वाटलं की तिकडे असतो तर माझीसुद्धा वर्षं धरली असती.

आणि हे तिकडे शहाणपणाने आपोआप आलेलं नाही. २० नोव्हेंबर १९६८ ला वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला, आत ९९ माणसं होती, २१ बाहेर आली, ७८ गेली. त्यानंतर १९६९ चा कोळसा खाण कायदा आला. हे मी आधी वाचलेलं होतं. पण भाच्याने पुढचं सांगितलं आणि मी हातातला घास खाली ठेवला. १९७० सालचं एक सरकारी टिपण होतं, त्यात लिहिलेलं की हवा खेळती ठेवणाऱ्या एका पंख्याच्या अलार्मला तार मारून तो निकामी केलेला होता. पंखा बंद पडला तरी कोणाला कळू नये असा. आणि हे कोणी पाहिलं, तर एका इलेक्ट्रिशियनने. ते टिपण मेलेल्या कामगारांच्या वारसांच्या हाती लागलं २००८ मध्ये.

तार मारलेली. तीच तार. सातासमुद्रापार माझ्या बाबांसारखाच कोणीतरी त्या तारेकडे बघत उभा होता.

भाच्याला म्हटलं, तू हे कुठून शोधून काढतोस रे. माझ्या बाबांना तो आबाजी म्हणतो. तर म्हणे, "आबाजीच सांगत होते ना मामा, तार मारणारा एकच असते, पण ते पाहून सही करणारे धा असतेत."

आता तुमच्यातले काही म्हणतील की कागद तपासायलाच पाहिजेत, अनुभवाचे बोगस दाखले पैसे टाकून मिळतात. मिळतात, मान्य. मी स्वतः बघितलेत. आणि त्या खिडकीवरच्या माणसासमोर ढीग असतो हेही मान्य. पण मग दाखला खोटा असेल असा संशय आहे ना, तर पोराला समोर बसवा आणि त्याच्या हातात बॉक्स द्या! दहा मिनिटांत कळेल. खरा माणूस आधी सप्लाय तोडेल, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात घालेल, मग टेस्टरने खात्री करेल, मग अर्थ करेल आणि मग कव्हरला हात लावेल. आणि कव्हर परत लावताना सगळे बोल्ट लावेल, एकही कमी नाही, फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघेल. कारण तो बॉक्स फ्लेमप्रूफ असतो. आत ठिणगी पडून भडका झाला तरी ज्वाला त्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हायला पाहिजे, नाहीतर बाहेरच्या गॅसला आग लागेल. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. एक बोल्ट कमी लावला तर काय होतं हे झेरॉक्सवरून कळत नाही, बोल्ट लावणाऱ्याच्या हाताकडे बघून कळतं.

अजून एक गोष्ट भाच्याने दाखवली, ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. तिकडे अमेरिकेत १९८० पासून कायदा आहे की सरकारला लोकांकडून कुठलाही फॉर्म, दाखला, नोंद मागायची असेल तर आधी मंजुरी घ्यायची, आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षांची. संपत आली की परत जाहीर करायचं, हा कागद आम्ही का मागतो, भरायला माणसाचे किती तास जातात, खर्च किती येतो, आणि लोकांना ६० दिवस द्यायचे, बोला काय बोलायचंय. कोळसा खाणीतल्या इलेक्ट्रिशियनच्या कागदांचंही तसंच होतं. तिकडे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, तिकडच्याही खाणीत माणसं मेलीत. पण तास मोजतात हो! कोणीतरी बसून माझ्या भाच्यासारख्याचे तास मोजतं.

आमच्याकडचे मी मोजतो मग. चार चकरा, आताची परतीची धरून आठ रात्री गाडीत. बारा दिवसांची हजेरी बुडाली, ठेकेदाराकडे हजेरी बुडाली की पैसे नाहीत. ठाण्याला कोर्ट नाक्यावर दोन वेळा अ‍ॅफिडेव्हिट. झेरॉक्स, फोटो, वडापाव. ताईने बचत गटातून घेतलेले तीन हजार. आणि खाणीत त्याच्या शिफ्टला तेवढे दिवस कोण उभं होतं? एक वर्ष झालेला पोरगा. कागद पूर्ण करायला अनुभवी माणूस इथे लाईनीत आणि खाली बॉक्ससमोर नवखा. सुरक्षेसाठीच मागता ना हे कागद? मग ही कसली सुरक्षा?

मघाशी हे लिहायला घेतलं तेव्हा डोकं फार फिरलं होतं, वर दोन वाक्यं होती ती आता काढली. खिडकीवरच्या बाईंबद्दल होती. भाचाच म्हणाला, नका लिहू मामा, त्याच एकट्या नीट बोलल्या, पाणी पण विचारलं. त्यांनीच सांगितलं म्हणे की त्या काळात बरोबर काम केलेल्या दोन जणांचं लेखी आणलं, पगाराची एखादी पावती किंवा पीएफची नोंद आणली, तर साहेबांसमोर ठेवून बघते. हे पहिल्या चकरेला कोणी सांगितलं असतं तर.

ज्याची बोटं गेली तो पोरगा, आता पोरगा कसला, साठीला आला असेल, त्याने पुढे कॉलनीच्या गेटवर पानटपरी टाकली होती. मी सुट्टीत जायचो तेव्हा बाबा मला मुद्दाम त्याच्याकडे न्यायचे. डाव्या हाताने पैसे घ्यायचा. बाबा कधीच सुटे परत मागायचे नाहीत. बाबांना वाटायचं की चौथ्या दिवशी पण आपणच जाऊन ती तार काढायला हवी होती. त्यांची शिफ्टसुद्धा नव्हती तेव्हा. शेवटपर्यंत वाटायचं त्यांना, आजारपणातसुद्धा मधूनच विचारायचे, रिले पाहिला का कोणी.

आणि एक सांगतो, बाबांचा परीक्षेला कधीच विरोध नव्हता. उलट म्हणायचे, "माही घ्या ना परीक्षा, कोण नाही म्हणते." पण त्यांच्या परीक्षेचा दिवस काही उगवला नाही.

भाचा आता हॉलमध्ये झोपलाय. फाईल उशाखाली. बाहेर धो धो चालू आहे. उद्या परतीचं तिकीट होतं, ते कॅन्सल केलंय, म्हणजे तो अजून दोन दिवस इथे आहे. म्हणून विनंती करतो. २०१४ ते २०१७ मध्ये वणी, घुग्घुस, माजरी भागात खाणीत ठेकेदाराकडे इलेक्ट्रिकला असलेले कोणी तुमच्या ओळखीत असतील, आता कल्याण, भिवंडी, तळोजा, कुठेही असतील, तर मला इनबॉक्स करा. पोराने त्यांच्याबरोबर काम केलं असेल तर दोन ओळी लिहून हव्या आहेत. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, रात्री कितीही वाजता. आणि पीएफ ऑफिसमधून जुन्या, बंद पडलेल्या ठेकेदाराची नोंद कशी काढायची हे कोणाला माहीत असेल तर तेही सांगा. परवा सकाळी साडेनवाला आम्ही दोघं त्या लाईनीत असू. मी रजा टाकलीय.