सोडलेल्या म्हशीचा पंचनामा

परवा दादाने घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘पुरात म्हैस मेली की सरकार देतं ३७,५००. पुण्यात एकतानगरीत माझी गाडी बुडाली तेव्हा कोण आलं होतं?’ खाली सात अंगठे. इथे अमेरिकेत, ओमाहात उणे पंधरा, ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगला पाच मिनिटं, आणि माझं डोकं फिरलं.

जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, गाडी गेली, खरंय. पण दादाला विमा मिळाला. २०२५ ला दुधाळ जनावराला सरकारी दर होता ३७,५००. चांगली दुभती म्हैस लाखाच्या आत कुठे मिळते, ते एकदा बाजारात विचारून यावं त्याने.

माढ्याला मामाच्या गोठ्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी आलं, तेही रात्री. दोन म्हशी. एकीचं दावं मामाने विळ्याने कापलं, पोहून तरी जाईल म्हणून. दुसरीपर्यंत पोहोचेतो पाणी त्याच्या छातीला लागलं. सकाळी पाहिलं तर ती बांधलेली म्हैस जागेवरच फुगून पडलेली. तलाठी आले, जनावरांचे डॉक्टर आले, कानातला बिल्ला बघितला, फोटो, पंचनामा. पैसे जमा झाले. सोडलेली मात्र सापडलीच नाही. शव नाही तर पंचनामा कशाचा? मामा अधूनमधून म्हणतो, ‘सोडली नसती तर...’ मामी त्याला पुढचं बोलू देत नाही.

मग मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. इकडे मार्च २०१९ मध्ये ऐन विण्याच्या हंगामात पूर आला. टीममधल्या एकाच्या वडिलांची फ्रीमाँटकडची वासरं गेली. केंद्राच्या शेती खात्याच्या काउंटी ऑफिसात अर्ज केला, ठरवून दिलेल्या बाजारभावाच्या ७५ टक्के मिळाले. कुणी त्यांना फुकटे म्हटलं नाही, वगैरे.

दादाचं उत्तर : ‘मग राहा तिकडेच.’

दोन गोष्टी मी लिहिल्या नव्हत्या. इकडची ही गुरांच्या भरपाईची योजना २०११ ला संपली होती; ऑक्टोबर २०१३ च्या हिमवादळात साउथ डकोटात हजारो गुरं मेली तेव्हा भरपाईची सोयच नव्हती. २०१४ ला नवा कायदा झाला, मग मागचे पैसे मिळाले. आणि ‘कुणी म्हटलं नाही’ हे मला काय माहीत? माझा डबा रोज दोन तेलुगू पोरांबरोबर.

तिसरी तर दादाही लिहिणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, आजोबांचा शनिवार पेठेतला वाडा गेला आणि गोखलेनगरचा गाळा पूरग्रस्त म्हणून मिळाला. आम्ही दोघं तिथेच वाढलो. आता तिथे रिडेव्हलपमेंट निघालंय, दादा बिल्डरशी वाढीव फुटांसाठी भांडतोय. त्यात निम्मा वाटा माझा.

माझ्या पगारातून दर पंधरवड्याला फेडरल टॅक्स कापला जातो. त्यातून कुणाची वासरं भरून निघत असतील. मला कधी राग आला नाही. याला मी मनाचा मोठेपणा समजत होतो. बायको भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता म्हणाली, ‘तुला इथलं काहीच आपलं वाटत नाही, राग कसला येणार? माढ्याचा बघ कसा आला.’ मी फोनमध्ये तोंड घातलं.

दादाचा नवा मेसेज होता, या वेळी ग्रुपवर नाही, फक्त मला : ‘संमतीपत्र मेल केलंय. नोटरी करून लगेच पाठव. तू अडलास तर सगळी बिल्डिंग अडेल.’

शनिवारी बँकेत जाऊन सही करून आलो.