दोष कामगारांचा नाही

अमेरिकन गाड्या टिकत नाहीत कारण तिथल्या कामगारांना शिस्त नाही, असं एका लेखात म्हटलंय. पहिलं अर्धं मान्य! मिशिगनला असताना तिथल्याच एका कंपनीची कोरी गाडी घेतली होती. वॉरंटी संपून जेमतेम महिना झाला आणि गिअरबॉक्सने मान टाकली. सिग्नलवरून निघताना असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरची किराणाची पिशवी खाली. सर्व्हिसवाला शांतपणे म्हणाला, ‘या मॉडेलला असंच होतं.’ म्हणजे झालंच की!

पण कामगारांचं पटलं नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला, बहुतेक जुन्याच कामगारांना घेऊन. चूक दिसली की दोरी ओढून गाड्या जोडायची अख्खी लाइन थांबवायची मुभा त्यांना मिळाली आणि त्याच हातांनी जपानच्या तोडीच्या गाड्या काढल्या.

आमची आताची गाडी, टोयोटाची कॅमरी, केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यातली, म्हणजे तीही ‘मेड इन अमेरिका’च. १ लाख ४० हजार मैल झाले. टायर, ब्रेक, ऑइल सोडून खर्च नाही. (एकदा वायपर तुटला, तो बर्फ खरवडताना मीच तोडला.)