पोटरी लवते म्हणून गोळ्या बंद करू नका

सध्या आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमवात, ल्युपस, थायरॉइड अशा ऑटोइम्युन आजारांत रात्री पाय दुखतात, पोटऱ्या लवतात, ते गोळ्यांच्या विषामुळे आणि प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे, असं त्यात म्हटलंय. उपायही दिलेत: गोळ्या बंद करा, रोज गुळवेलीचा काढा घ्या, कॅल्शियम आणि गूळ-शेंगदाणे खा, तांबडा रस्सा सोडा आणि तालमीत करतात तशी रगडून मालिश करा. मला स्वतःला आमवात आहे, पाय माझेही दुखतात. मेसेज पाठवणारी माणसं माझीच आहेत आणि काळजीपोटीच पाठवतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

प्रतिकारशक्ती कमी पडते, हे मुळातच चुकीचं आहे. या आजारांत ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, थायरॉइड ग्रंथीवर उलटते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं तिला आवरण्यासाठीच देतात. एकीकडे तिला आवरायचं आणि दुसरीकडे ती वाढवण्यासाठी काढा प्यायचा, हे जुळत नाही. गुळवेलीबद्दल तर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिची लक्षणं ऑटोइम्युन स्वरूपाची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला यकृताच्या तपासण्या आधीच वरचेवर कराव्या लागतात. त्याने हा धोका कशासाठी पत्करायचा?

‘गोळ्यांचं विष’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं तर मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना चढवत नाही. त्यात दुखणं सहसा नसतं, ताकद जाते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं आणि पायात गोळे येतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचं अंग दुखतं. म्हणजे औषधावर संशय घेणं चूक नाही. तो संशय डॉक्टरांना सांगायचा, ते डोस बदलतात, गोळी बदलतात. आपल्या मनाने प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तोडायचं नाही. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं जवळपास थांबवतं आणि गोळी एकदम बंद केली तर दोन्हीकडून तुटवडा होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी असाच मेसेज वाचून गोळी सोडली. आधी थकवा वाटला, मग उलट्या सुरू झाल्या, बीपी इतकं उतरलं की उठून बसवेना. शेवटी दवाखान्यात शिरेतून स्टेरॉइड द्यावं लागलं. हे जिवावर बेतू शकतं. मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

पोटरी लवणं म्हणजे नसा वाळत चालल्याची खूण, असंही त्यात लिहिलंय. हे वाचून किती जणांची झोप उडाली असेल! दिवसभर उभ्याने काम झालं की रात्री माझ्या डाव्या पोटरीवर कातडीखाली अळी सरकावी तशी हालचाल दिसते. हात ठेवला की बोटांना टिचक्या जाणवतात, दुखत मात्र नाही. असं लवणं धडधाकट माणसांतही सर्रास आढळतं. जागरण, दमणूक, जास्तीचा चहा-कॉफी यांनी ते वाढतं. पायात ताकद असेल, चवड्यांवर आणि टाचांवर चालता येत असेल, तर नुसत्या लवण्याने घाबरायचं कारण सहसा नसतं. पण चालताना पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, पाऊल फरशीवर घासायला लागलं, एक पिंडरी बारीक दिसायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. काही ऑटोइम्युन आजारांत नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजतात आणि पाऊल अचानक लुळं पडू शकतं.

कॅल्शियमचं खूळ तर घराघरात आहे. रक्तातलं कॅल्शियम खरंच उतरलं तर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. नुसती पायदुखी असणाऱ्यांत बऱ्याचदा वेगळंच काही निघतं. थायरॉइड मंदावल्याने स्नायू दुखतात, आखडतात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडं ठणकतात. बी१२ कमी असेल तर तळवे बधिर होतात, आणि बी१२ अंगी न लागण्याचा एक प्रकार स्वतःच ऑटोइम्युन आजार आहे. म्हणून आधी तपासणी करा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर ठरावीक आठवडे देतात. ती मनानेच चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो.

संध्याकाळी बसलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चाललं की बरं वाटतं, असं होत असेल तर लोह तपासायला हवं. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासतात; त्यात एक खोच आहे. अंगात दाह असला की फेरिटिन वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही आकडा ठीक दिसू शकतो. आपल्याला ऑटोइम्युन आजार आहे हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. गूळ-शेंगदाण्यांनी ही कमतरता भरून निघत नाही, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याची साखर आधीच वर असू शकते.

तांबडा रस्सा? पोटाला सोसत असेल तर खा. तो सोडल्याने आमवात बरा होत नाही.

राहिली मालिश. दोन्ही पाय सारखे दमले असतील तर हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. पण एकच पोटरी सुजली, तापली, दाबल्यावर दुखली, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या व्हायला लावणारी प्रतिपिंडं असतात, त्यांना हा धोका जास्त. तो पाय रगडला तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तालमीतला पैलवान तरणाबांड आणि निरोगी असतो, त्याची मालिश आपल्यासाठी नाही. अशा पायाला हात न लावता त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर लगेच १०८ला फोन करा.