मुलींसाठी कार्यक्रम घ्यायचाय? मग आधी हे वाचा

गावातल्या पोरींसाठी काहीतरी करावं असं तुमच्या मनात आलंय ना, उत्तम. सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेला फंड 31 मार्चच्या आत संपवायचा असेल नाहीतर झेडपीचं तिकीट पाहिजे असेल, कारण काही का असेना, भावना चांगली आहे. फक्त एक पथ्य पाळा, पोरींना काय पाहिजे ते विचारू नका. विचारलं की त्या सांगतात. आणि सांगतात काय, तर संडासाला आतून कडी पाहिजे आणि नळाला पाणी. आता कडीचं उद्घाटन कसं करणार तुम्ही? फीत कुठे बांधणार?

तारीख शक्यतो 28 मे घ्या. जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिन असतो, 28 दिवसांचं चक्र आणि 5 दिवस पाळी म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख. ज्यांनी ठरवली त्यांच्या डोक्यात आपली उन्हाळी सुट्टी नसणार, पण ते तुमच्या पथ्यावरच पडलं, कारण शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, विदर्भात तर अजून उशिरा, त्यामुळे शाळेच्या संडासात डोकावून बघायचा प्रश्नच येत नाही, हॉलमध्ये एसी लावून कार्यक्रम उरकता येतो आणि पोरी कमी पडल्या तर अंगणवाडीताईंना पहिल्या रांगेत बसवता येतं. मे जमत नसेल तर 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. एका पोरीला नऊवारी नेसवून, मोठं कुंकू लावून उभी करा, शेण-दगड अंगावर झेलल्याचं भाषण तिच्याकडून पाठ करून घ्या, फक्त नेमकी त्याच दिवशी ती अडचणीत असेल तर सरस्वतीच्या फोटोला हार घालायला तेवढी दुसरी बघा. जानेवारीचा अजून एक फायदा म्हणजे बीडकडच्या गावांत ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या पोरी तेव्हा आईबापाबरोबर फडावर असतात, कोपीत म्हणजे झोपडीत राहतात, पाणी लांबून आणतात. ज्यांना खरी गरज त्या फोटोत येतच नाहीत, फोटो कसा स्वच्छ येतो. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, गावातलेच लोक शाळा व्यवस्थापन समितीतून चालवतात, कोणाची आजी नाहीतर शेजारीण रात्री पोरींपाशी झोपते. तिकडे जाऊ नका. बॅनर लावायला भिंत नीट मिळत नाही.

मशीन मात्र बसवाच. नाणं टाकलं की पॅड देणारी, आणि शेजारी वापरलेलं जाळणारी. मशीनला लाईट लागते, नाणं लागतं आणि माल संपल्यावर भरणारा माणूस लागतो, पण हे तिघं एकत्र येतील अशी भीती बाळगू नका. खोलीची चावी मुख्याध्यापकांकडे ठेवा. सातवीतली पोरगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून "सर, चावी" म्हणणार नाही हे तुम्हालाही माहितीय आणि सरांनाही, त्यामुळे मशीन चांगली चार-पाच वर्षं नवीकोरी राहते. पोरगी त्या दिवशी घरीच थांबते, हजेरीत आजारी लिहिलं जातं.

खर्चाचं टेन्शन घेऊ नका, पोरींच्या बाबतीत आपल्याकडे रुपया हे फार लाडकं नाणं आहे. 1992 पासून पहिली ते चौथीच्या गरीब मागासवर्गीय मुलींना शाळेत यायचा उपस्थिती भत्ता, दिवसाला 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. आशाताईंनी 6 रुपयांचं पॅडचं पाकीट घरोघर विकलं की त्यांना पाकिटामागे 1 रुपया. जनऔषधी म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानातलं पॅड 2019 पासून 1 रुपयाला. आणि सरकार म्हणाल तर 2017 ला जीएसटी आला तेव्हा कुंकू-बांगड्यांना शून्य आणि पॅडला 12 टक्के, वर्षभर बायकांनी बोंब मारल्यावर जुलै 2018 मध्ये काढला. म्हणजे नटायला माफी होतीच.

सगळ्यात मोठा धोका बचत गटाचा. 2018 ला अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड, आणि ते पोचवायचं काम बचत गटांकडे आलं, त्यामुळे या बायकांना आता सगळं माहितीय. कोणत्या घरात पोरगी न्हाण आल्यापासून शाळेत गेली नाही, कोणाचं लग्न गुपचूप ठरलंय, कोणती पोरगी कपडा वाळत घालायला उन्हातली दोरी न मिळाल्याने गोठ्यात पाटीखाली वाळवते, सगळं. त्या पोराटोरांना पण समोर बसवून पाळी समजावून सांगतात आणि कोणी हसलं तर "तुझी आई कुठून आली रे" असं विचारतात. तुमच्या कार्यक्रमात हे होऊ देऊ नका. पोरांना आधीच मैदानावर पाठवा, बॉल द्या, त्यालाच युवा सक्षमीकरण म्हणून अहवालात टाका.

आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, कायदाच आहे, तर ती रजिस्टरमध्येच घ्या, सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरवा. खरोखर घेतलीत तर एखादी उठून विचारते की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के पैसा महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो ना, मग गेल्या वर्षी कुठे गेला, आणि त्यातून शाळेच्या संडासावर टाकी का बसली नाही. ग्रामसेवक मोबाईल बघायला लागतो, सरपंचबाई नवऱ्याकडे बघतात. अशा बाईला तिथल्या तिथे पुढच्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन देऊन टाका. नावांचा कागद तुम्हीच लिहून द्या, साहेबांचं नाव सगळ्यात वर आणि मंडपवाल्याचं विसरू नका, त्याचं बिल अजून द्यायचंय.